झूटरमेरमधला जपान

माझे साडू जपानला कधीही गेलेले नाहीत आणि जपाननेही त्यांना अजून बोलावलेलं नाही. तरीसुद्धा गेली काही वर्षं झूटरमेर गावात जपानची जी काही शोभा झाली आहे तिला हा एकटा गृहस्थ जबाबदार आहे, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. आणि आमच्या द हेगमध्ये कोर्टांना तोटा नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या, वर्षाच्या, थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. हे नातं मोठं विचित्र. ते आपण निवडत नाही, आपले आईवडीलही निवडत नाहीत. एकाच घरातल्या दोन मुली पसंत पडल्या एवढ्या अपराधापायी दोन परकी माणसं जन्मभर एकमेकांच्या घरी जेवायला बांधली जातात. आमच्या बाबतीत तर दैवाने पुण्याहून उचलून दोघांनाही हॉलंडातच आणून टाकलं. आम्ही फोरबर्गला, ते झूटरमेरला; मध्ये ट्रामचं थोडंसं अंतर. 'आज जमत नाही, फार लांब पडतं' हे म्हणायची सोयसुद्धा नाही. साडू द हेगमधल्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करतात. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतात. त्यामुळे स्वतःच्या चुका शोधायला त्यांना ऑफिसच्या वेळात सवड होत नाही, आणि ऑफिसनंतर ते कलावंत असतात.

या कलावंताचा जन्म एका पावसाळी रविवारी लायडनमध्ये झाला. आम्ही चौघं कालव्याच्या कडेने भिजत चाललो होतो, ताईंना बाथरूमला जायचं होतं, आणि या देशात बाथरूमला जाण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे एखाद्या संग्रहालयाचं तिकीट काढणं. आत जपानी ठशांची चित्रं लावली होती. ठशांची म्हणजे ब्रशने रंगवलेली नव्हेत, लाकडाच्या फळ्या कोरून, त्यांना रंग लावून कागदावर छापलेली. त्यातल्या एका चित्रात बर्फ पडत होता, एक लाकडी पूल होता आणि त्यावरून छत्र्या धरलेली चार-सहा माणसं वाकून चालली होती. एवढंच. साडू त्या चित्राच्या इतक्या जवळ गेले की भिंतीतली घंटा वाजली. रखवालदार येऊन नम्रपणे म्हणाला, "मेनेर, जरा मागे." साडू मागे झाले, रखवालदाराची पाठ वळताच पुढे झाले, पुन्हा घंटा. शेवटी तो बिचारा एखाद्या करवल्यासारखा त्यांच्या शेजारीच उभा राहिला. ताई मोकळ्या होऊन आल्या, आमची कॉफी पिऊन झाली, तरी साडू तिथेच. बाहेर आल्यावर ते मला हळू आवाजात म्हणाले, "सावली नाही. बघितलंत? एकाही माणसाला सावली नाही."

"या देशात कुणाला असते?" मी म्हटलं. पण त्यांचं लक्ष नव्हतं. ज्याअर्थी एवढ्या थोर माणसांनी सावल्या काढल्या नाहीत त्याअर्थी आपल्यालाही हे जमेल, असा अर्थ त्यांनी मनातल्या मनात लावलेला होता.

त्यानंतर काही दिवसांतच ताईंच्या घराचा झोल्डर गेला. झोल्डर म्हणजे इकडच्या चाळवजा घरांचा वरचा माळा. डच लोक तिथे नको असलेल्या वस्तू ठेवतात, त्यामुळे साडूंची योजना तिथे अगदी योग्य झाली. अडचण एवढीच की ताईंचं कपडे धुवायचं मशीनही तिथेच आहे. एका बाजूला चेरीच्या लाकडाच्या फळ्या, पटाश्या, कोरण्या, दुसऱ्या बाजूला मशीन, आणि मधल्या दोरीवर एकीकडे ओलसर केलेले जपानी कागद, दुसरीकडे घरातले बनियन. त्या घरी आंघोळ केली की टॉवेलमधून लाकडाचा भुसा अंगाला लागतो. मी एकदा तक्रार केली तर साडू म्हणाले, "चेरीचा आहे." जणू मी सागाच्या भुशाला सरावलेला होतो.

ही कला ते कुणाकडून शिकले म्हणाल, तर फोनवरच्या व्हिडिओंकडून आणि स्वतःच्या अंगठ्याकडून. पहिल्याच महिन्यात पटाशी अंगठ्यात घुसली. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरगुती डॉक्टरकडे गेले. तिने इथल्या रिवाजाप्रमाणे पॅरासिटॅमॉल घ्यायला सांगितलं आणि सहज विचारलं, काय करत होतात? साडूंनी तिला कोरीवकामावर एवढं मोठं व्याख्यान दिलं की बाहेर ताटकळलेल्या पेशंटांपैकी एक जण, ताईंच्या म्हणण्याप्रमाणे, बसल्या बसल्या बरा होऊन घरी गेला. त्यांची मुलगी मुक्ता, तिला मराठी सगळं समजतं पण बोलते डचमध्ये. तिने वडिलांकडे बघून एका शब्दात निदान केलं, "खेक." म्हणजे डोकं फिरलेलं. आमच्या घराण्यातलं हे सगळ्यात अचूक डच वाक्य.

"रेषा काढायची नसते," साडू भेटेल त्याला सांगायचे. "रेषा लाकडात असतेच. तिच्या भोवतीचं नको ते सगळं काढून टाकायचं."

"मग झोल्डरपासून सुरू करा," ताई म्हणायच्या.

या कामाची खरी गोम अशी की रेषांची एक फळी असते आणि प्रत्येक रंगाची वेगळी. निळ्याची निराळी, तांबड्याची निराळी. कागद प्रत्येक फळीवर नेमका त्याच जागी बसला पाहिजे. त्यासाठी कोपऱ्यात एक खाच ठेवतात. मग बारेन नावाची, बांबूच्या पानात गुंडाळलेली चकती घेऊन कागदाच्या पाठीवरून घासायचं, की रंग उतरतो. साडूंचा रंग उतरायचा, पण खाचेशी त्यांचं कधी पटलं नाही. त्यांच्या चित्रातल्या बायकांचे ओठ गालावर असायचे. सूर्य डोंगरामागून उगवायच्या ऐवजी शेजाऱ्याच्या घरातून उगवायचा. होडी एकीकडे आणि तिचा रंग दुसरीकडे, म्हणजे होडी बुडाली तरी रंग वाचावा अशी व्यवस्था. हे दाखवलं की ते शांतपणे सांगत, की पूर्वी जपानात एका चित्रामागे चार माणसं असत. एक चित्र काढणारा, एक कोरणारा, एक छापणारा आणि एक ते विकणारा. चौघांचं श्रेय वेगळं. साडू चारही कामं एकटे करत, पण जबाबदारी मात्र वाटून देत. "चित्रकार उत्तम आहे," एखादा बिघडलेला कागद हातात धरून ते म्हणायचे, "कोरणाराही वाईट नाही. पण हा छापणारा दोघांना खाली खेचतो." विकणाऱ्याविषयी ते काही बोलत नसत, तो बिचारा अजून बेकारच होता.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला चित्रं दाखवली जात. पाहुण्यांना, पाहुण्यांच्या मुलांना, गिझर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, आणि एकदा तर चुकून दुसऱ्याचं पार्सल घेऊन आलेल्या पोऱ्याला. दाखवण्याआधी जमिनीवर बसवून हिरवा चहा दिला जाई. साखर नाही, दूध नाही, आलं नाही, नुसतं गवत उकळल्याचा पश्चात्ताप. मांडी घालून बसल्यावर साडूंना उठता येत नसे, गुडघे धरत. त्यामुळे ते तिथेच स्थानापन्न राहत आणि पाहुणे एकेक करून 'जरा पाणी पिऊन येतो' म्हणत स्वयंपाकघरात सटकत. तिथे ताईंनी खरा चहा उकळत ठेवलेला असे. पुण्या-मुंबईची सगळी आयटीतली मंडळी त्या ओट्याला टेकून, आवाज न करता, गुन्हेगारांसारखी चहा पिताना मी पाहिली आहेत.

एकदा त्यांच्या ऑफिसात खराखुरा जपानी माणूस बदलून आला. साडूंच्या आयुष्यातला हा सोन्याचा दिवस. त्याला रविवारी जेवायला बोलावलं, आठवडाभर झोल्डर झाडला, आणि साक्षीदार म्हणून आम्हा दोघांनाही हजर राहायचा हुकूम झाला. पाहुणा तरणाबांड, केस तांबूस केलेले, अंगात फुटबॉल क्लबचा टीशर्ट. साडूंनी एकामागून एक कागद त्याच्या पुढे ठेवले. तो प्रत्येकाला मान लववत होता. शेवटी साडूंनी धीर करून विचारलं, या परंपरेबद्दल तुझं काय मत आहे? तो फार विचार करून म्हणाला, "माझ्या आजोबांकडे असलं एक कॅलेंडर होतं." मग जरा थांबून त्याने विचारलं, खालून जो वास येतोय तो कशाचा? वास मिसळीचा होता. त्याने ती तीनदा मागून घेतली, डोळ्यांतून पाणी काढत, नाक पुसत, आणि जाताना ताईंकडून कृती लिहून घेतली. साडू दारात उभे राहून कमरेत वाकत होते आणि तो लांबून ताईंना हात हलवत होता. "हल्लीच्या जपान्यांना जपान राहिलेला नाही," साडू दार लावता लावता म्हणाले.

मग त्यांनी डोंगर मनावर घेतला. जपानात एका डोंगराची चित्रं निरनिराळ्या ठिकाणांहून काढायची पद्धत आहे, तशी मालिका आपण झूटरमेरची करायची. आता हॉलंडात डोंगर आणायचा कुठून? इथे बायका गरोदर राहिल्या तर उंचवटा म्हणून नकाशात दाखवतील अशी जमीन. पण झूटरमेरला एक टेकडी आहे. जुन्या कचऱ्यावर माती टाकून, गवत लावून केलेली. तिच्या अंगावर एक लांबलचक पत्र्याची इमारत आहे आणि आत खोटा बर्फ करून लोक त्यावरून घसरतात. हा साडूंचा पवित्र पर्वत. तो त्यांनी ट्रामच्या खिडकीतून काढला, सुपरमार्केटच्या पार्किंगमधून काढला, नगरपालिकेच्या रांगेत उभं राहून काढला. "बर्फ आहे ना शिखरावर?" त्यांनी मला विचारलं. "शिखराच्या आत आहे," मी म्हटलं. त्यांनी ते टिपून ठेवलं, कारण उपरोध त्यांना कळत नाही, किंवा कळतो पण त्यालाही ते लाकूडच समजतात.

या सगळ्यात आमच्या मंडळाचा गणपतीही सुटला नाही. गणेशोत्सवाच्या आमंत्रणाचं कार्ड कोण करणार, असं सभेत विचारल्यावर साडू उभे राहिले आणि कुणी 'नको' म्हणायच्या आत बसले. ठशात सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलटं उमटतं. अक्षरं उलटी कोरायची, हे त्यांनी लक्षात ठेवलं. गणपती उलटा कोरायचा, हे विसरले. कार्डं छापून आली तेव्हा मजकूर अगदी सुवाच्य होता आणि बाप्पाची सोंड उजवीकडे वळलेली होती. सभेत कार्डं हातोहात फिरली. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक. त्याचं सोवळंओवळं पाळायला नको का? मंडळाच्या एका ज्येष्ठ काकू कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, ज्या हॉलमध्ये उत्सव आहे, तिथे मागच्याच शनिवारी डच लोकांनी डुकराचं बार्बेक्यू केलंय."

"कलेला डावं-उजवं नसतं, काकू," साडू म्हणाले.

"देवाला असतं," काकू म्हणाल्या.

शेवटी कार्यवाहांनी तोडगा काढला. कार्डाचा फोटो काढला, फोनमध्ये तो आडवा उलटवला, सोंड डावीकडे आली, आणि घाईघाईने सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. सोंडेबरोबर मजकूरही उलटला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या वर्षी द हेग आणि आसपासची मराठी कुटुंबं आमंत्रण वाचायला बाथरूमच्या आरशासमोर फोन धरून उभी होती. साडू महिनाभर खूश होते. "बघा," ते म्हणायचे, "लोक पहिल्यांदा चित्राकडे नीट बघायला लागले."

अशा या माणसाच्या घरी एका उन्हाळ्यात आमच्या सासूबाई राहायला आल्या. आईंना आम्ही दोघेही जावई जरा घाबरूनच असायचो. जन्मभर शाळेत शिकवलेल्या. चष्म्यावरून बघितलं की समोरच्याला आपली बटणं उघडी असल्यासारखं वाटायचं. आमचं घर लहान, शिवाय आम्ही दोघंही कामाला जाणारे, म्हणून मुक्काम ताईंकडे. पहिले काही दिवस बरे गेले. मग एका रविवारी आम्ही तिकडे जेवायला गेलो होतो. ताईंचा पोळपाट लहान, आईंना मोठ्या घडीच्या पोळ्यांची सवय. कपडे टाकायला झोल्डरवर गेल्या असताना त्यांना तिथे चांगली रुंद, जाड फळी दिसली. ती त्यांनी धुऊन, पुसून खाली आणली. एका बाजूला थोडी नक्षी होती, ती त्यांना शोभेची वाटली. पोळी लाटताना जरा चिकटायची, पण वरून पीठ भुरभुरलं की सुटायची.

साडूंनी पहिला घास मोडायला हात घातला आणि हात तसाच राहिला. पोळीवर टेकडी होती. टेकडीवर ती पत्र्याची इमारत होती, पायथ्याशी दोन झाडं, एक सायकलवाला, आणि कोपऱ्यात साडूंची सही, अगदी सुलटी. एक रेघ इकडची तिकडे नव्हती. इतका स्वच्छ ठसा त्यांच्या हातून कागदावर कधी उठला नव्हता.

"नक्षी छान उठलीय, नाही?" आई म्हणाल्या.

साडू उठले, स्वयंपाकघरात जाऊन ती फळी उचलली आणि छातीशी धरून जिना चढून वर गेले. खाचेखाचेत पीठ गेलेलं होतं. पुढचा आठवडा ते दात घासायच्या ब्रशने कणीक काढत होते. आईंना काय झालं ते ताईंनी समजावून सांगितलं. त्या शांतपणे वरण वाढत म्हणाल्या, "इंजिनिअर म्हणून मुलगी दिली. पोळपाट करतात हे आधी कळलं असतं तर पुण्याला न्यायला दोन मागून घेतले असते." हे वाक्य जिन्यावरून वर गेलं. त्यानंतर दोघांचं बोलणं ताईंमार्फत चालू झालं. 'त्यांना सांग मीठ द्या', 'आईंना म्हणावं मीठ त्यांच्या पुढ्यातच आहे'. ताई मधल्या खुर्चीत बसून एकच वाक्य दोनदा ऐकायच्या आणि दोनदा बोलायच्या.

घरात कंटाळा यायचा म्हणून आई संध्याकाळी एकट्याच खाली जाऊन ट्रामच्या थांब्यावर उभ्या राहायला लागल्या. घराच्या मागेच थांबा आहे. गोल साडी, पायात ताईंचे स्पोर्ट्‌स शूज, आणि ऑगस्टातही थंडी वाजते म्हणून अंगात साडूंचा जुना स्वेटर. पाऊस असला तरी चुकायचं नाही. ट्राम आली, दार उघडलं, की त्या हाताने 'जा, जा' अशी खूण करायच्या. चालकांनाही सवय झाली होती. तिथे एक डच म्हातारी कुत्रं घेऊन यायची, दोघी उभ्या उभ्या बराच वेळ बोलायच्या. ही मराठीत, ती डचमध्ये. मी एकदा विचारलं, "आई, काय बोलता हो तुम्ही?"

"ती सुनेबद्दल सांगते."

"तुम्हाला डच कळतं?"

"सुनेबद्दल बोलत असली की बाईचा चेहरा कळतो," आई म्हणाल्या.

उन्हाळा संपताना त्या पुण्याला परत गेल्या. विमानतळावर साडूंनी रिवाज म्हणून वाकून नमस्कार केला. तेव्हा आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलल्या. "बोटं सांभाळा," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

त्या थंडीत आई गेल्या. संध्याकाळी टीव्ही बघता बघता, कुणाला कसलाही त्रास न देता. तिकडे अंत्यविधी थांबवून ठेवणं शक्य नव्हतं आणि इथून कुणी वेळेत पोचणंही शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ताईंकडे जमलो. सोफ्यावर दोघी बहिणी एकमेकींना धरून बसल्या होत्या, समोर टीपॉयवर पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन ठेवला होता, आणि पुण्याहून मेहुणा, दोघींचा भाऊ, त्यावर अंत्यविधी दाखवत होता. चित्र मध्येच अडकायचं, मध्येच गुरुजींचा आवाज यायचा आणि जायचा. साडू दाराशी उभे होते. काय करावं, हात कुठे ठेवावेत, हे त्यांना कळत नव्हतं. थोड्या वेळाने मी वळून पाहिलं तर दाराशी कुणी नव्हतं. आणि मग वरून आवाज यायला लागला. टक, टक, टक. लाकडावर पटाशीचा.

वर्षाने मान वर केली. "हे काय चाललंय, ताई?"

ताईंनी बाटलीला टेकवलेला फोन सरळ केला.

"आईला नेतायत, आणि हा माणूस वर बसून लाकूड खरवडतोय?"

"त्यांना रडता येत नाही गं," ताई म्हणाल्या.

"गप्प बसता येतं ना?"

दोघी मिळून पुण्याला गेल्या, दिवस झाले, दोघी मिळून परत आल्या. पण वर्षाने पुन्हा झूटरमेरच्या घरात पाऊल ठेवलं नाही. संक्रांत गेली, ताईंचा वाढदिवस गेला. ताईंनाही मग आपल्या नवऱ्याची बाजू घेणं भाग पडलं, आणि बहिणी-बहिणींचे फोन 'कशी आहेस', 'बरी आहे' इथपर्यंत आले. एरवी त्या फोनला सुरुवात असायची, शेवट नसायचा. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ना हिरवा चहा, ना गालावरचे ओठ. पण रविवारी दुपारी आमच्या घरात काय करावं ते आम्हाला दोघांनाही सुचत नसे. एकदा मी वर्षाला म्हटलं, भेटायला काय हरकत आहे? ती म्हणाली, "तो आवाज माझ्या कानातून जात नाही. आईचं शेवटचं म्हणून मला तेवढंच ऐकू येतं."

मार्चमध्ये एका रविवारी बेल वाजली. दारात साडू. झूटरमेरहून पावसात सायकल मारत आलेले, कारण ट्राममध्ये गर्दी असते आणि पाठीला बांधलेला तो मोठा चपटा खोका कुणाच्या कोपराने चेपला असता. अंगावरचं पाणी आमच्या पायपुसण्यावर निथळत होतं, खोका मात्र प्लास्टिकमध्ये कोरडा. वर्षा आतून आली आणि त्यांना बघून थांबली. साडूंनी नेहमीसारखं व्याख्यान दिलं नाही. खोका तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "ताईला एक दिलंय. एक तुझं."

तिने जेवणाच्या टेबलावर तो उघडला. आत एकच कागद होता.

ट्रामचा थांबा होता. रूळ लांब जाऊन वळत होते. वरून खाली तिरका पाऊस, केसासारख्या बारीक, एकही तुटलेली नाही अशा रेघा. आणि लाकडात पावसाची एक रेघ राखायची म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड हलक्या हाताने काढावं लागतं, हे एव्हाना मलाही पाठ झालेलं होतं. त्या पावसात, छपराच्या जरा बाहेर, एक बाई पाठमोरी उभी होती. गोल साडी, वर ढगळ करडा स्वेटर, पायात पांढरे बूट. पदर खांद्यावरून ओढून कमरेला खोचलेला. सगळा भार उजव्या पायावर, आणि डावी टाच जमिनीपासून किंचित सुटलेली. निळा निळ्याच्या जागी होता, करडा करड्याच्या. मी सवयीने चुका शोधत होतो आणि मला एकही सापडत नव्हती.

वर्षा कागदावर वाकली. मग तिने बोट त्या टाचेजवळ नेलं, लावलं नाही. "डावा पाय दुखायचा आईचा," ती म्हणाली. "वर्गातसुद्धा अशीच उभी राहायची. फळ्याकडे तोंड करून." आणि खुर्चीवर बसून ती रडायला लागली. साडू तिच्यापासून दोन हातांवर, ओले, हात कुठे ठेवावेत ते न कळून उभे होते. मग तिनेच त्यांचा हात ओढून धरला. त्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या.

थोड्या वेळाने आतून वर्षाचा आणि ताईंचा फोनवर बोलण्याचा आवाज यायला लागला. तो लवकर संपणारा नव्हता. मी साडूंना खाली सोडायला गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "फार सुंदर झालंय. पण भाऊजी, चेहरा का नाही काढलात?"

"चेहरा मला कुठे येतो," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून स्वतःच्या कलेबद्दल ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य. सायकलचं कुलूप काढत ते पुढे म्हणाले, "आणि वरच्या खिडकीतून मला पाठच दिसायची. रोज बघायचो मी. बोलणं बंद होतं ना आमचं. वाटायचं, खाली जावं, शेजारी उभं राहावं, नाहीतरी पाऊस पडतोय. उद्या जाऊ, म्हणायचो."

त्यांनी टोपी डोक्यावर ओढली आणि निघाले. कोपऱ्यावर त्यांनी डावीकडे वळायचा हात दाखवला आणि उजवीकडे वळले; मागच्या सायकलवालीने त्यांना अस्सल डचमध्ये काहीतरी सुनावलं.

आता सगळं पूर्ववत आहे. आम्ही रविवारी झूटरमेरला जातो, टेकडीचं नवीन चित्र बघतो, त्यातली सायकल आकाशात गेलेली असते, आणि छापणाऱ्यावर खापर फुटतं. गावच्या वाचनालयाने मध्यंतरी साडूंना प्रदर्शन लावायला बोलावलं. पार्सलवाल्यालासुद्धा न सोडणाऱ्या या माणसाने घरातला एकूण एक कागद तिथे टांगला. ते थांब्याचं चित्र मात्र नेलं नाही. कुणी विचारलं तर "ते बरं आलेलं नाही," असं सांगतात.

आमच्याकडची प्रत दाराजवळ लावली आहे. वर्षा सकाळी कामाला निघताना बूट घालते, पिशवी खांद्याला लावते आणि एकदा त्या चित्राकडे बघते. बघताना ती मान जराशी तिरकी करते, उजवीकडे, चित्राच्या कडेपर्यंत. मला आधी वाटायचं चौकट वाकडी लागली असावी. आता मी काही विचारत नाही. तिकडून बघितलं तर आईचा चेहरा थोडातरी दिसेल, असं तिला वाटत असावं.